पान त्रेपन्न, प्रश्न सहावा

शाळेच्या मस्टरवर त्यांचं खरं नाव होतं आणि रोज सकाळी ते त्या नावापुढे सहीही करत. पण त्या नावाने हाक मारणारं शाळेत कोणी उरलं नव्हतं. मुलं, पालक, शिपाई, इतकंच काय, मुख्याध्यापिका मोठ्या बाईसुद्धा त्यांना ब्रॅकेट सर म्हणत. सरांना त्याचं वाईट वाटत नसे. एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवून माणसाला एखादं टोपणनाव मिळणारच, आणि गणिताच्या सरांना मिळालेल्या नावापेक्षा हे पुष्कळ बरं होतं.

नाव पडलं ते सरांच्या पद्धतीवरून. धडा वाचून झाला की सर पुस्तक डाव्या तळहातावर ताटासारखं धरायचे आणि म्हणायचे, "काढा पेन्सिली. प्रश्न पहिला. पान चौतीस, वरून पाचवी ओळ. 'ओल्ड मॅन'पासून 'विंडो'पर्यंत. कंस. आत एक लिहा." एक्केचाळीस पेन्सिली एकदम सरकायच्या. "प्रश्न दुसरा. त्याच पानावर, खालून तिसरी ओळ." धड्याखालच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं अशी धड्यातच कंसात पकडली जायची. मुलांनी घरी जाऊन कंसातलं वहीत उतरवायचं, परीक्षेत वहीतलं पेपरात उतरवायचं. संपलं. सरांच्या हाताखालून इंग्रजीत नापास झालेला मुलगा शोधूनही सापडला नसता. धडे वर्षानुवर्षं तेच असल्यामुळे मोठ्या भावंडांची पुस्तकं धाकट्यांकडे कंसांसकट येत. काही मुलांना तर धडा कळण्याआधी त्याची उत्तरं पाठ असत.

या पद्धतीच्या मुळाशी आळस होता असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. मुळाशी भीती होती. सर स्वतः सहावीत असताना एका कवितेच्या तासाला त्यांच्या बाईंनी विचारलं होतं, "त्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याबद्दल तुला काय वाटतं रे?" मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "दार उघडं असूनही तो बसून राहिलाय, कारण त्याला पंखांची भीती वाटते." वर्ग हसला. साधं नाही, बाकं वाजवून हसला. नंतर दोन वर्षं मुलं मधल्या सुट्टीत हात पंखांसारखे हलवत त्याच्याभोवती फिरायची. त्या दिवशी मुलाने मनाशी एक गाठ मारली: जे छापलेलं आहे तेवढंच बोलायचं. छापलेल्याला कोणी हसत नाही.

ती गाठ चाळीस-एक वर्षं पक्की राहिली. मग नवीन पुस्तक आलं.

नव्या पुस्तकातला सातवा धडा एका म्हाताऱ्या पोस्टमनचा होता. डोंगरातल्या गावात तीस वर्षं पत्रं वाटणारा पोस्टमन. त्याला स्वतःला कधी कोणाचं पत्र येत नाही. एके दिवशी त्याच्या नावाचं पत्र येतं. अक्षर ओळखीचं, कित्येक वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या मुलाचं. पोस्टमन ते पत्र पिशवीच्या तळाशी ठेवतो. रोज बाकीची पत्रं वाटतो आणि ते एक परत घेऊन येतो. असे सात दिवस. आठव्या दिवशी पिशवी फार जड वाटते म्हणून तो एका पायरीवर बसतो आणि पत्र हातात घेतो. धडा संपला. त्रेपन्नाव्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा. आणि पान उलटलं की प्रश्न.

पहिले पाच प्रश्न सरांच्या घरचेच होते. पोस्टमनच्या पिशवीचा रंग कोणता, नोकरीला किती वर्षं झाली, असे. ते त्यांनी बसल्या बैठकीला कंसात घातले. मग सहावा आला. 'पोस्टमनने सात दिवस पत्र का उघडलं नसेल? तुम्हाला काय वाटतं?'

सरांनी धडा वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. उत्तर कुठेच नव्हतं. पोस्टमन चालतो, पोस्टमन चहा पितो, पोस्टमन कुत्र्याला हाड म्हणतो. पण का उघडत नाही ते मात्र लेखकाने कोणालाही सांगितलेलं नाही. सरांच्या तळहाताला घाम सुटला. पुस्तकाचं नवंकोरं कव्हर निसटायला लागलं.

ते तडक पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना बघूनच मान हलवली.

"गाइड नाही आलं, सर. पुढच्या महिन्यात."

"एकही प्रत नाही? नमुन्याची? फाटकी?"

"अहो, तुम्ही आज सकाळपासून सातवे. सगळ्यांचा सहावा प्रश्नच अडलाय. त्या पोस्टमनला म्हणावं, उघड बाबा एकदाचं, आमच्या शिक्षकांचे हाल बघवत नाहीत."

एवढ्यावर भागलं असतं तर सरांनी तो प्रश्न गुपचूप वगळला असता. पण सोमवारी मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं.

"बसा ब्रॅकेट सर. गुरुवारी पाठनिरीक्षण आहे. नवीन पुस्तकाच्या समितीवरच्या तज्ज्ञ बाई येणार आहेत. सातवी ब, तिसरा तास, पोस्टमन."

"पोस्टमनच का, बाई? आठव्या धड्यात छान रोपटी आहेत. पानांचे प्रकार वगैरे."

"त्यांनीच मागितलाय. आणि हे बघा," बाईंनी आवाज खाली आणला, "ज्यांना नवीन पुस्तक जमणार नाही त्यांचा वर्ग काढून घ्यायचा, असं ठरलंय. मी तुम्हाला घाबरवत नाहीये."

मोठ्या बाई जेव्हा 'मी घाबरवत नाहीये' म्हणत तेव्हा शिपाईसुद्धा खुर्चीला धरून उभा राहायचा.

वर्ग काढून घेणं म्हणजे काय, हे सरांना माहीत होतं. जिन्याखाली साहित्याची खोली होती. भूमितीचे जुने सर गेल्या वर्षापासून तिथे बसत. कोणी आलं की ते कपाटातून खडूची पेटी काढून देत आणि सही घेत. पूर्वी या माणसाने मोकळ्या हाताने फळ्यावर असं वर्तुळ काढलं होतं की मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्यांच्या हाताला दिवसभर खडू लागलेला असे, पण समोर फळा नव्हता. सोमवारी सर खडू आणायला गेले तेव्हा भूमितीवाल्यांनी शेजारच्या स्टुलावरची धूळ फडक्याने पुसली. नुसती सवयीने पुसली असेल. पण सरांना वाटलं, ते जागा करून ठेवतायत.

शिक्षकांच्या खोलीत इतिहासाचे सर पाय लांब करून बसले होते. त्यांना सरांनी सगळं सांगितलं.

"आमच्याकडे ही कटकट नाही," इतिहासवाले म्हणाले. "आमची सगळी माणसं मेलेली. कोणाला काय वाटलं हे विचारायला जायची सोयच नाही."

"थट्टा नको हो. मला झोप नाही."

"मग सोपं करा. तास पस्तीस मिनिटांचा. धडा वाचायला दहा, पाच प्रश्नांना पाच-पाच मिनिटं. झाली पस्तीस. सहाव्याच्या तोंडावर घंटा. पुढचं पुढे!"

सरांच्या जिवात जीव आला. त्यांनी लगेच कागदावर आकडे मांडले आणि पहिल्या प्रश्नाला मुद्दाम सहा मिनिटं दिली. तरीही, न जाणो, म्हणून सहावा प्रश्न घरी काढायचं ठरवलं.

घरी तिघं होती. सर, सरांची बायको आणि तिची आई. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. रोज पन्नास-साठ माणसांना 'मूठ आवळा, तिकडे बघा' म्हणता म्हणता तिच्या आवाजाला असं एक वळण आलं होतं की ऐकणाऱ्याचा दंड आपोआप पुढे व्हायचा. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जगाची परीक्षा घेत आणि सहसा कोणाला पास करत नसत. संध्याकाळच्या चहाला सरांनी पोस्टमनची गोष्ट दोघींना मराठीत सांगितली आणि प्रश्न टाकला.

"मुलाचं पत्र ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग त्यात 'मी येतोय' असंच असणार. उघडलं की घर आवरायला लागणार. म्हणून नाही उघडलं. यात काय कळायचंय, जावईबापू?"

"आई, पोस्टमन घर आवरायला घाबरेल?"

"तुझे वडील घाबरायचे."

बायकोने कप खाली ठेवला. "अहो, आमच्याकडे रोज होतं हे. माणसं रक्त देऊन जातात आणि रिपोर्ट न्यायला येतच नाहीत. एक गृहस्थ तीन आठवडे झाले, रोज काउंटरसमोरून जातात. मला हात जोडतात, हवापाण्याचं विचारतात. रिपोर्टाचं नाव काढत नाहीत. मी पाकीट वर धरलं की त्यांना एकदम घरचं काम आठवतं."

"म्हणजे उत्तर काय लिहू?"

"लिहा की हे."

"कोणतं? घर आवरायचं की रिपोर्टाचं? बरोबर कोणतं आहे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

तोच प्रश्न! स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपबशीसमोर! सरांचा चेहरा पडला. "मला काय वाटायचंय?" ते म्हणाले. "मी शिक्षक आहे."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं, ज्या नजरेने ती शीर सापडत नसलेल्या दंडाकडे बघायची तशी. सर पुस्तक घेऊन आतल्या टेबलाशी गेले. त्यांनी 'पोस्टमन दमला होता' या ओळीला कंस केला. खोडला. 'पाऊलवाट निसरडी होती' याला केला. निसरड्या वाटेचा पत्राशी काय संबंध? खोडला. बुधवार संपेपर्यंत त्रेपन्नाव्या पानावर त्यांनी सात कंस केले आणि सात खोडले.

गुरुवार उजाडला. सरांनी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली, ती सासूबाईंनी दारात सुधारायला लावली. "कोणी खाणार नाहीये तुम्हाला," त्या म्हणाल्या. हे वाक्य ज्याला म्हणून ऐकवतात त्याला आजवर धीर आलेला नाही.

तिसऱ्या तासाला वर्ग उभा राहिला. तज्ज्ञ बाई मोठ्या बाईंबरोबर आल्या, मागच्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये बसल्या आणि पिशवीतून वही काढली. साठीच्या आसपासच्या, साध्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांना बघून कोणी घाबरावं असं काहीच नव्हतं. सर त्या वहीला घाबरले.

वाचन ठरल्याप्रमाणे संथ झालं. सरांनी स्वल्पविरामाला पूर्णविरामाइतका वेळ दिला आणि पूर्णविरामाला श्रद्धांजलीइतका. दहा मिनिटं गेली. मग ते म्हणाले, "प्रश्न पहिला." आणि एक्केचाळीस हात वर.

सरांच्या ध्यानात आलं ते आता. मुलांची फजिती होऊ नये म्हणून मंगळवारीच त्यांनी पाचही प्रश्नांचे कंस घालून घेतले होते! आणि ही त्यांची मुलं होती, एकोणतीस वर्षांच्या तालमीत तयार झालेली पद्धत त्यांच्या हाडात होती. ज्याला विचारावं तो उठून उत्तर सांगून मोकळा. पिशवीचा रंग? खाकी. बसा. किती वर्षं? तीस. बसा. सरांनी एका मुलीला "जरा विचार करून सांग," असं सुचवून पाहिलं, तर ती म्हणाली, "सर, पान एक्कावन्न, चौथी ओळ." पाच प्रश्न चार मिनिटांत संपले. सरांनी घड्याळाकडे बघितलं. घंटेला एकवीस मिनिटं होती.

मोठ्या बाई दाराजवळच्या खुर्चीत हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या, पण त्यांचा पाय हलत होता. तज्ज्ञ बाईंनी पेनचं टोपण काढलं.

"प्रश्न सहावा," सर म्हणाले. आपला आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यातून येतोय असं त्यांना वाटलं. त्यांना साहित्याची खोली दिसली, पुसलेलं स्टूल दिसलं. डोकं पूर्ण रिकामं झालं. आणि डोकं रिकामं झालं की माणसाचं तोंड सवयीच्या वाटेने चालायला लागतं.

"पेन्सिली काढा. पान त्रेपन्न. शेवटची ओळ संपते तिथून..." सर थांबले. पुढे ओळच नव्हती. पण मागे फिरायलाही जागा नव्हती. "...तिथून पानाच्या तळापर्यंत. कंस. आत सहा लिहा."

एक्केचाळीस पेन्सिली सरकल्या. अर्ध्या कोऱ्या पानाला मुलांनी इमानेइतबारे कंस केला. मग तिसऱ्या बाकावरच्या चष्मेवालीने हात वर केला.

"सर, इथे तर काहीच छापलेलं नाही."

सर तिच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ते आपण लिहायचंय का?"

सरांची मान थरथरत होती. वर्गाने तो होकार समजला.

मग जे झालं ते सरांच्या हातात नव्हतं. मुलं लिहायला लागली. आधी एक-दोन, मग सगळी. कोणी पेन्सिल चावत होतं, कोणी शेजाऱ्यापासून कोपराने पान झाकत होतं. छापील उत्तर कोणी झाकत नाही, हे सरांच्या मनात आलं. एका जागी उभं राहवेना म्हणून ते बाकांमधून फिरायला लागले आणि वाकून वाचायला लागले. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, स्पेलिंगांची दैना होती. एकाने लिहिलं होतं, त्याला पत्रं द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. एकीने लिहिलं होतं, पाकीट बंद आहे तोवर आत चांगली बातमी असू शकते. एकाचं उत्तर होतं, मुलाने इतकी वर्षं वाट बघायला लावली, आता सात दिवस त्यानेही बघावी. आणि खिडकीजवळच्या एका आडमुठ्याने लिहिलं होतं, कारण गोष्ट आठ दिवसांची हवी होती.

एकही उत्तर दुसऱ्यासारखं नव्हतं. सरांना त्याचीसुद्धा धास्ती वाटली. एक्केचाळीस उत्तरं! यांना बरोबरची खूण करायची तरी कशी?

"सर," मागून आवाज आला. तज्ज्ञ बाई उठून पुढे आल्या होत्या. "तुमचं पुस्तक बघू?"

सरांनी दिलं. बाईंनी पान त्रेपन्न उघडलं, जरा उजेडाला धरलं आणि परत त्यांच्या हातात ठेवलं. "तुमचा कंस राहिलाय. तुम्हाला काय वाटतं? पोस्टमनने का नाही उघडलं?"

वर्गाने माना वर केल्या. एक्केचाळीस चेहरे. सर पुन्हा सहावीत उभे होते आणि चारी बाजूंनी हात पंखांसारखे हलायला लागणार होते. पळून जावं म्हटलं तर दाराशी मोठ्या बाई.

"मला वाटतं," सर म्हणाले, आणि हे दोन शब्द त्यांनी एकोणतीस वर्षांत वर्गात उच्चारले नव्हते, "मला वाटतं, तो घाबरला होता. तीस वर्षं तो लोकांच्या दारापर्यंत गेला. पत्र दिलं की त्याचं काम संपायचं. आत कोण रडलं, कोण हसलं, हे त्याला बघावं लागलं नाही. या पत्राच्या वेळी दारही त्याचं आणि आतलं घरही त्याचंच."

मागच्या बाकांवर कोणीतरी खुदकन हसलं.

सरांनी डोळे मिटून घेतले. झालं. आता बाकं वाजणार. त्यांनी वाट बघितली. बाकं वाजली नाहीत. कोण हसलं, पोस्टमनला हसलं की सरांना, की शेजाऱ्याने चिमटा काढला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा वर्ग होता तिथेच होता आणि चष्मेवालीचा हात वर होता.

"सर, मग आठव्या दिवशी त्याची भीती गेली का?"

"नाही," सर पटकन म्हणाले. हे मात्र त्यांना विचार न करता माहीत होतं. "भीती तेवढीच होती. पिशवी जड झाली."

चष्मेवालीने ते आपल्या कंसात लिहून घेतलं. तिच्या शेजारणीनेही घ्यायला सुरुवात केली, तेव्हा चष्मेवाली म्हणाली, "ए, ते सरांचं आहे. तू तुझं ठेव." घंटा झाली.

मोठ्या बाईंच्या खोलीत चहा आला. सरांचा कप बशीवर इतका वाजत होता की शिपायाने तो हळूच टेबलावर सरकवला. न राहवून सर तज्ज्ञ बाईंना म्हणाले, "मॅडम, एक सांगायचंय. ती कोरी जागा... ते ठरवून केलेलं नव्हतं. तोंडातून गेलं."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की भूमितीवाल्यांनी स्टूल पुन्हा पुसायला घेतलं असेल.

"ते कळलं मला," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "पान इतक्या वेळा खोडलंय तुम्ही की पलीकडचे प्रश्न अलीकडून दिसतात. चहा घ्या, गार होतोय." पुढे त्या रोपट्यांच्या धड्याबद्दल बोलल्या आणि निघून गेल्या. पास की नापास, काही कळू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात सरांच्या नावाचं लांबट पाकीट शाळेत आलं. सरांनी सही करून घेतलं आणि डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली ठेवलं. मंगळवारी ते घरी आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत शाळेत गेलं. बुधवारी संध्याकाळी पुन्हा घरी आलं. त्याला एका बाजूने भाजीचा डाग पडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने पिशवी रिकामी करताना ते बाहेर काढलं आणि चहाच्या कपाला टेकवून उभं केलं.

"न नेलेला रिपोर्ट मला लांबून ओळखू येतो," ती म्हणाली.

"घर आवरायला लागेल का त्यात काही?" खिडकीतून सासूबाई.

"नंतर बघू," सर म्हणाले. "मला जरा काम..."

"मूठ आवळा," बायको म्हणाली. "तिकडे बघा."

सरांची मूठ खरंच आवळली. तिने पाकिटाची कडा फाडली, पण कागद काढला नाही. पाकीट त्यांच्या हातात दिलं. सरांनी कागद काढला. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि त्यांचे खांदे खाली आले. सातवी ब त्यांच्याकडेच राहणार होती. जिन्याखालचं स्टूल रिकामंच राहणार होतं. बायकोने हुश्श केलं. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं," जे त्या म्हटल्या नव्हत्या.

मग सरांनी तिसरी ओळ वाचली आणि त्यांचा रंग उडाला.

"काय झालं? अहो?"

"शिक्षकांचं शिबिर आहे," सर म्हणाले. "दोनशे जण येणार. कोऱ्या जागेच्या पद्धतीवर मी बोलायचंय." त्यांनी ओळ पुन्हा वाचली. "अर्धा तास. आणि नंतर प्रश्न. ते विचारणार, मी उत्तरं द्यायची."

मग आधी सासूबाईंना हसू फुटलं आणि मग बायकोला, आणि ती डोळे पुसत म्हणाली, "बसा हो, बसा. खुर्ची धरा आधी."

चहा झाल्यावर सर आतल्या टेबलाशी गेले. बऱ्याच वेळाने सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "जावईबापू, काही लिहिलंत का?"

"नाही अजून," आतून उत्तर आलं. "पण कंस करून ठेवलाय."